तिथीआधीची भैरवाष्टमी

आमच्या घरात इंग्रजी तारखेला कुणी विचारत नसे. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, ते खिळा रिकामा दिसू नये म्हणून. बाकी सगळा कारभार तिथीवर चालायचा आणि तिथीचे मालक बाबा. माझा वाढदिवस दर वर्षी इकडेतिकडे सरकायचा. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, "रेवती, तेरा बर्थडे कब है?" आणि मी म्हणायची, "पिताजी से पूछना पड़ेगा." बाबा काशीच्या दुर्गाघाटावर भिक्षुकी करायचे. इंदूर-ग्वाल्हेरकडून, पुण्या-नाशकाकडून आलेली मराठी माणसं आमच्याकडे उतरायची. बाबा त्यांचं तीर्थश्राद्ध, गंगापूजन करून द्यायचे आणि आई त्यांना वरणभात वाढायची. बाबा म्हणजे उंच, सडपातळ आणि विलक्षण हट्टी माणूस. एकदा एका मोठ्या यजमानाने गाडीचं तिकीट आहे म्हणून श्राद्ध एक दिवस आधी उरकून द्यायला सांगितलं, तर बाबांनी त्याच्यासाठी वाढलेलं पान तसंच ठेवलं, हात जोडले आणि दुसऱ्या गुरुजींचा पत्ता दिला. आई दोन दिवस बोलली नाही. तिथी मात्र जागची हलली नाही.

थंडी सुरू झाली की आमची गल्ली फार चवदार होई. मातीच्या कुल्हडात मलइयो, म्हणजे दुधाचा गोड केशरी फेस, घेऊन दूधवाले फिरायचे, मटार यायचे आणि आई चूडा-मटर करायची. ती म्हणायची हे आपले पोहेच, पण त्यात लिंबाबरोबर आलं आणि काळी मिरी पडायची. पुण्याच्या मावशीने पहिल्यांदा खाल्ले तेव्हा "हे पोहे नव्हेत" असा निकाल दिला होता. आमच्या मराठीवरही तिचा तोच निकाल होता, कारण आम्ही "नहाऊन येते" आणि "जल्दी कर" म्हणायचो. समोर रामरती चाचीचं कचोरीचं दुकान. पहाटे तिच्या पाट्यावर उडदाची पिठ्ठी वाटली जायची आणि त्या घरघरीने मला जाग यायची. मग घंटा, मग कढई, मग कुठून तरी खांद्यावरून चाललेल्या तिरडीमागचं "राम नाम सत्य है", आणि या सगळ्याच्या मधोमध, गल्लीच्या ऐन अरुंद जागी, आडवा पसरलेला आमचा लाटसाहेब. हा कुत्रा कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. पांढरा, एका डोळ्यावर काळा डाग, आणि वागणं असं की गायसुद्धा त्याला वळसा घालून जायची. बाबा सोवळ्यात गंगेवरून वर येताना त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून, भिंतीला पाठ घासत जायचे आणि पुटपुटायचे, "लाटसाहेब, जरा जागा द्या." लाटसाहेब शेपूट उचलायचा, तेवढीच जागा द्यायचा.

कुत्र्यांच्या सुईची गोष्ट सुरू झाली ती डॉक्टर शुक्लांमुळे. त्यांचा जनावरांचा दवाखाना चौकाच्या पलीकडे होता. गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायचीच असं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते जाळं घेऊन आले, दोनदा आले, आणि दोन्ही वेळा गल्लीत औषधालाही कुत्रा दिसेना. पोरं हसली, चाचीने डॉक्टरांना समजुतीची कचोरी दिली. बाबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहब, ये पकड़ने से नहीं आएँगे. भैरवाष्टमी को आइए. अपने पाँव से चलके आएँगे." काशीत भैरवाष्टमीला कुत्र्यांचा थाट असतो, कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन. त्या दिवशी आई उडदाचे वडे तळायची, त्यांची एक माळ भैरवाला जायची आणि उरलेले वडे आमच्या अंगणात. डॉक्टर आले, आणि खरंच, एरवी माणसाची सावली पडली तर पळणारी कुत्री रांगेत उभी राहावीत तशी वड्यांपाशी आली. तोंडात वडा, मागे सुई. कळायच्या आत टोचून झालेलं असे. कुणाला टोचली हे ओळखू यावं म्हणून डॉक्टरांना खूण हवी होती. आईने तेलात शेंदूर कालवून दिला, आणि माझं काम टिळ्याचं. मी काठीला चिंधी बांधून एकेकाच्या कपाळाला टिळा लावत गेले. दोन दिवस आमच्या गल्लीतली कुत्री देवळातून आल्यासारखी हिंडत होती.

जाताना डॉक्टर बाबांना म्हणाले, "हर साल लगेगा, पंडितजी. एक बार से काम नहीं चलेगा. साल पूरा, तो दूसरी सुई." गल्लीत तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की एकदा टोचलं म्हणजे जन्माचं झालं, आपल्या दंडावरच्या देवीच्या लसीच्या वणासारखं. बाबांनी मात्र लगेच मान डोलावली. "हर साल, भैरवाष्टमी को. आपको याद दिलाना नहीं पड़ेगा." इतकं सोपं, इतकं पक्कं. बाबांनी दिलेला शब्द आणि वर तिथीचा आधार, यात चूक व्हायला जागाच कुठे होती?

पुढचं वर्ष अधिक महिन्याचं होतं. घरात यात्रेकरूंची रीघ लागली, आई अनारसे तळून तळून दमली. मग पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला घाटांवर पणत्यांचा नुसता लखलखाट. त्यानंतरची दुसरी सकाळ. पायऱ्यांवर विझलेल्या पणत्या अजून पडल्या होत्या आणि सांडलेल्या तेलावरून माणसं जपून चालत होती. मी ओट्यावर मटार सोलत बसले होते. समोर चाचीची नात, तीन-चार वर्षांची गुडिया, दुकानाच्या पायरीवर जिलबी चोखत होती. तेवढ्यात घाटाकडून एक तांबडा कुत्रा वर आला. आमच्या बाजूचा नव्हता. जबडा लोंबलेला, लाळ गळत होती, आणि चालणं असं की समोर माणसं आहेत, भिंत आहे, हे त्याच्या गावीच नाही. त्याने वाटेतल्या एका बादलीला चावा घेतला. कुणीतरी ओरडलं, "पगला है, हटो!" आणि धडाधड दारं लागली. माझ्या मांडीवरचे मटार कुठे गेले मला ठाऊक नाही. तो सरळ गुडियाच्या दिशेने निघाला होता.

लाटसाहेब उठला. जो बाबांसाठी उठला नाही, गाईसाठी उठला नाही, तो उठला आणि त्याच्या अंगावर गेला. गुडियासाठी गेला की स्वतःच्या जागेसाठी, हे मला आजही माहीत नाही. मला विचाराल तर जागेसाठी. पण तेवढ्यात आईने रस्ता ओलांडला आणि गुडियाला उचलून आत नेलं. गल्लीत नुसती गुरगुर आणि नखांचा आवाज. तांबड्याने लाटसाहेबाचा कान फाडला, खांद्यात दात रुतवले, मग एकाएकी त्याला सोडलं आणि काही झालंच नाही अशा चालीने ब्रह्माघाटाकडे निघून गेला. वाटेत आणखी दोन-चार कुत्र्यांना चावला म्हणून मागाहून कळलं. दुपारी तो पायऱ्यांवर मरून पडलेला सापडला.

चाचीने गुडियाला नखशिखांत तपासलं, बोट न् बोट बघितलं. कुठे ओरखडा नव्हता. मग ती बाहेर आली आणि बाबांसमोर उभी राहिली. "पंडितजी, अब ई कुकुर गली में ना रही."

"उसको सुई लगी है," बाबा म्हणाले. "साल भर की सुई है. साल अभी पूरा नहीं हुआ." त्यांचा आवाज इतका ठाम होता की जमलेली माणसं मागे सरली. चाची सरली नाही. ती मोठ्याने बोलणारी बाई, पण तेव्हा हळू बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "हमरे छोटका भाई के भी सब कहले रहे, कुछ ना होई. घाव पर मिरचा बाँध देहलन. महीना भर बाद हम पानी देत रहीं, त ऊ पानी देख के चिल्लात रहे. पियास से मरत रहे, आ पी ना पावत रहे. हम देखले हईं, पंडितजी. हमके मत समझाइए." तिचा तो भाऊ कुत्रं चावून गेला होता, तिच्या हातचं पाणीही न पिता. बाबांनी यात्रेकरूंच्या खोलीतली जाड घोंगडी आणून लाटसाहेबावर टाकली, तशीच गुंडाळी ओढत त्याला त्या खोलीत नेलं आणि बाहेरून जाळीचं दार लावलं. ज्याच्यापासून सोवळ्यात हातभर लांब राहायचे, त्याला त्यांनी स्वतःच्या घरात घेतलं, आणि हे त्यांच्या लक्षात तरी आलं होतं की नाही कोण जाणे. मला म्हणाले, "रेवे, पळ. डॉक्टरांना घेऊन ये."

मी कशी पळाले, माझं मलाच ठाऊक. पायात चपला नव्हत्या. एक सांड आडवा आला, त्याच्या पोटाखालून गेले असते अशी घाई होती. चौकापलीकडे पोचेपर्यंत मला फक्त "लाटसाहेब" एवढंच बोलता येत होतं, पण डॉक्टरांनी बर्फाचा थर्मास उचलला आणि मला स्कूटरवर मागे बसवलं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर टाकून आम्ही दोघंही धावलो.

डॉक्टरांनी रबरी हातमोजे चढवले, कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि जखमा साबणाने, वाहत्या पाण्याखाली इतका वेळ धुतल्या की बघणारे कंटाळले. मग सगळ्यांना हात पुढे करायला लावले, बाबांचे तर उलटसुलट करून पाहिले. "किसी को खरोंच भी हो तो अभी बोलो. साबुन से धोके सीधे अस्पताल, सुई आज ही लगेगी. मिर्चा-हल्दी नहीं." कुणाला काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "इसको पिछली कब लगी थी?"

"पिछली भैरवाष्टमी को," बाबा म्हणाले. "अगली छह दिन बाद है. साल के भीतर है."

डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, उस दिन मेरी बिटिया का जन्मदिन था. केक छोड़के आया था, घर पे डाँट पड़ी थी. इस साल का केक तो कब का कट गया. दो हफ्ते हो गए."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई दारात गुडियाला कडेवर घेऊन उभी होती. ती आमच्या मराठीत, एकट्या बाबांना कळेल इतक्या बेताने म्हणाली, "अहो, यंदा अधिक आला ना." एवढंच. तीन वर्षांनी एकदा येणारा तो तेरावा महिना आमचे सगळे सण पुढे ढकलून गेला होता, आणि त्यांच्याबरोबर कुत्र्यांची सुईही. चंद्राचं वर्ष बरोबर होतं. औषधाचं वर्ष मात्र पूर्ण होऊन गेलं होतं, आणि ते दुसऱ्याच हिशोबाने चालतं हे, ज्यांनी आयुष्यभर लोकांना अधिक महिना समजावून सांगितला, त्या बाबांच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरलेला मी तोवर पाहिला नव्हता. ते चाचीकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भूल हमारी है."

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "दो हफ्ते में सब धुल नहीं जाता. लेकिन मैं झूठ नहीं बोलूँगा. इसको ज़िंदगी में एक ही सुई लगी है. दूसरी अभी देता हूँ. डेढ़ महीना बंद रखिए, कोई हाथ न लगाए. उसके बाद ही बोल पाऊँगा." चाची म्हणाली, दीड महिना ती गुडियाला मामाकडे ठेवेल, आणि दार एकदा जरी उघडं दिसलं तर ती काठी घेऊन येईल. बाबांनी कबूल केलं. पण प्रश्न एकट्या लाटसाहेबाचा नव्हता. गल्लीतल्या सगळ्याच कुत्र्यांचं वर्ष उलटलं होतं, त्यांतल्या कुणाकुणाला तो तांबडा चावला होता कोण सांगणार, आणि आता सगळी भेदरून कुठल्या कुठे लपली होती. गर्दीतून कुणी म्हणालं, "छह दिन रुक जाइए, पंडितजी. अष्टमी को अपने आप आएँगे." डॉक्टरांनी मान हलवली. सुईचा उपयोग आज, सहा दिवसांनी नाही.

सगळे बाबांकडे बघत होते. मला ते तिकीटवाले यजमान आठवले. बाबांनी गंगेच्या दिशेला तोंड करून हात जोडले. मग आईला म्हणाले, "वडे तळायला घे."

"आज?" आई म्हणाली. "आज द्वितीया आहे."

"कुत्र्यांना पंचांग वाचता येत नाही. भैरवाला मी सांगतो."

डाळ भिजवायला वेळ कुठला? आई परातीकडे नुसती बघत राहिली, तोच समोरून चाचीने पहाटे वाटलेल्या पिठ्ठीचं पातेलं आणून आमच्या ओट्यावर आदळलं. स्वतःची कढईसुद्धा तिने गल्लीत काढून दिली. आणि मग अशी धमाल उडाली की मला आजही सांगताना एका जागी बसवत नाही. दोन कढयांचा वास गल्लीतून घाटापर्यंत गेला. घंटा वाजवल्याशिवाय भैरवाष्टमी वाटायची नाही म्हणून कुणी घंटा आणली, कुणी शंख फुंकला. खालून येणारे यात्रेकरू विचारू लागले, आज कुठला सण? बाबा, तोंडावरची सुरकुती न हलवता, "आमचा घरगुती आहे" म्हणून सांगत होते. पहिला एक पिवळा कुत्रा पायऱ्यांआडून डोकावला. मग त्याची बहीण. मग छपरांखालून, बोटींखालून, कुठून कुठून नाकं निघाली. तोंडात वडा, मागे सुई. मी शेंदराची काठी घेऊन धावतेय, डॉक्टर गुडघ्यांवर सरकतायत, थर्मासमधला बर्फ संपला म्हणून मलइयोवाल्याने आपला दिला. एका कुत्रीने मी लावलेला टिळा माझ्याच ओढणीला पुसला. संध्याकाळच्या आरतीच्या आत गल्लीत बिनटिळ्याचं कपाळ उरलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि त्या दिवसाइतकी खूश क्वचितच झाले असेन, जाळीआडून येणारं कण्हणं कानावर पडेपर्यंत.

(आता मी नागपूरला असते. माझ्या कुत्रीची सुई जवळ आली की मोबाईल वाजतो, तारीख, वेळ, सगळं. काही लसी तीन वर्षं पुरतात असं हल्ली ऐकते. आमचे डॉक्टर दर वर्षीच टोचतात आणि मी वाद घालत नाही. वाद घालायला गेले तर मला उडदाच्या वड्यांचा वास येतो.)

तो दीड महिना मोठा कठीण गेला. यात्रेकरूंना दुसरीकडे पाठवावं लागलं. बाबांनी आपलं जपाचं आसन जाळीबाहेर मांडलं. जेवण काठीने आत सरकवायचं, पाणीही तसंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज बदलतो का बघा, खाणं सुटतं का, चाल बिघडते का. झालं, सगळी गल्ली त्याच्या भुंकण्याची परीक्षक झाली. सकाळी माणसं कचोरीआधी विचारायची, "आज भौंका? आवाज़ कैसा था?" एकदा त्याचा घसा बसल्यासारखा वाटला तर बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो खणखणीत भुंकला आणि बाबांनी आईकडे आपणहून श्रीखंड मागितलं, भर थंडीत. चाची रोज दुपारी दुकान आवरून यायची, दाराच्या कडीला हात लावून बघायची आणि परत जायची. मला तिचा राग यायचा. आईला यायचा नाही. आई म्हणायची, "अगं, ती कुत्र्याला बघायला येत नाही. तिला तिथे तिचा भाऊ दिसतो."

शेवटच्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी त्याला बराच वेळ पाहिलं, चालवलं, तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, ठीक आहे, सोडा. पण गल्ली हलेना. माणसं दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटून उभी, दोघातिघांच्या हातात काठ्या. डॉक्टरांचा शब्द एक, आणि चाचीने पाहिलेलं एक. पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतोच असं नाही, हे डॉक्टर सांगून थकले होते, पण ते कुणाला पटणार? लाटसाहेब दारात येऊन उभा राहिला, रोड झालेला, एक कान फाटका, उजेडाने डोळे मिचकावत. बाबा त्याच्या शेजारी उभे होते.

तेव्हा चाची दुकानातून निघाली. हातात पितळेचा कटोरा, काठोकाठ पाणी. पावलापावलाला ते सांडत होतं. तिने तो कुणाला दिला नाही, काठीने सरकवला नाही. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि कटोरा दगडावर ठेवला. लाटसाहेबाने पाण्याकडे पाहिलं. मान वळवली. कुणाच्या तरी हातातली काठी वर झाल्याचं मला दिसलं. बाबांनी डोळे मिटले. मग लाटसाहेबाने एकदा तिचं मनगट हुंगलं, मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागला, लपलप, लपलप, इतका की कटोरा दगडावर सरकू लागला. चाचीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती त्याच्या फाटक्या कानापाशी वाकून म्हणत होती, "पी ले बचवा. अउर पी. अउर पी."